मामाच्या थाळ्या आणि लेबलावर नसलेली नावं

भाऊराव कोल्हटकरांचा आवाज कसा होता, हे आज कुणीच सांगू शकत नाही. ज्यांनी ऐकला त्यांनी भरभरून लिहून ठेवलं, ‘सौभद्र’मधली त्यांची सुभद्रा अजून जुन्या नाटकवाल्यांच्या बोलण्यात येते. पण भाऊराव गेले १९०१ साली, आणि ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग यंत्रसामग्री घेऊन कलकत्त्याला पोचले ते १९०२ च्या अखेरीस. दोन वर्षांच्या आतलं अंतर, आणि तेवढ्यात एक गळा कायमचा हातचा गेला. मास्टर दीनानाथ १९४२ मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी गेले, पण त्यांच्या तबकड्या मागे राहिल्या. म्हणून आजही एखादा कॉलेजातला मुलगा ती धारदार तान ऐकून दचकतो आणि पुन्हा लावतो.

मामाच्या घरातल्या लोखंडी पेट्या उघडल्यापासून हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही.

तासगाव तालुक्यात मामाचा कर्ण्यांचा धंदा होता. लग्न, बारसं, सत्यनारायण, गणपती, गावची जत्रा, जिथं आवाज लागेल तिथं मामा. सुरुवातीला बॅटरीवरचा अँप्लिफायर, दोन कर्णे आणि थाळ्यांची पेटी एवढाच संसार. रेकॉर्डला आमच्याकडं थाळीच म्हणत. पुढं वीज आली, छोट्या ४५ च्या रेकॉर्डी आल्या, मग कॅसेटी आल्या आणि थाळ्या माळ्यावर गेल्या. मामा गेल्यावर मामी म्हणाली, “आरं, भंगारवाला दोनदा इच्यारून गेला. पर ह्यांचा जीव व्हता त्यात. तुला काय करायचं ते कर, पर इकू नगंस.”

पेट्यांत लाखेच्या जड तबकड्या होत्या, छोट्या रेकॉर्डी होत्या, कॅसेटी होत्या आणि लाल कापडी बांधणीची एक चोपडी होती. चोपडीत मामानं प्रत्येक सुपारी लिहून ठेवलेली: कुणाचं लग्न, किती भाडं ठरलं, किती बाकी. आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी काय वाजवलं. कुठल्या गावानं कुठलं गाणं परत परत मागितलं, हेही तिथं आहे. शाहीर साबळे, सुलोचना चव्हाण, प्रल्हाद शिंदे ही नावं पानोपानी येतात. आमच्या भागातल्या माणसांनी काय ऐकलं याचा इतका नेमका कागद मी दुसरा पाहिलेला नाही. मला विचाराल तर पेट्यांतली सगळ्यांत मोलाची वस्तू ती चोपडीच.

थाळ्या आडव्या, एकावर एक रचलेल्या होत्या. लाखेच्या तबकडीला हे सोसत नाही. खालच्यांवर भार येऊन तडे जातात, वरच्या पत्र्याच्या उन्हानं वाकतात. तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या असतात. कागदी पाकिटं झुरळांनी खाल्लेली, काहींवर पांढरी बुरशी. सगळ्यात आधी मी प्रत्येक तबकडीच्या लेबलाचा फोटो काढला, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, अगदी वरून. मधल्या कागदाच्या कडेला, खाचा संपतात तिथल्या गुळगुळीत पट्ट्यात एक क्रमांक कोरलेला असतो. तो साध्या उजेडात दिसत नाही, बॅटरी तिरपी धरली की उमटतो. लेबल फाटलं, पुसलं, तरी त्या क्रमांकावरून तबकडीची ओळख पटू शकते. मुंबईत १९९० पासून काम करणाऱ्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या संग्राहकांचं जुनं लेखन वाचताना हे कळलं होतं, ते इथं कामी आलं.

मग धुणं. एक जण म्हणाला, सॅनिटायझरनं पूस, चकचकीत होईल. लाखेवर स्पिरिट कधीच लावू नये, लाख त्यात विरघळते आणि खाचेबरोबर आवाजही जातो. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे एक-दोन थेंब, मऊ केसांचा ब्रश आणि खाचेच्या दिशेनं गोल फिरणारा हात, इतकंच लागतं. मधल्या लेबलाला पाणी लागू द्यायचं नाही. धुऊन झाल्यावर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं पुन्हा एकदा, आणि सावलीत उभ्या करून वाळवायच्या. मामी ओट्याशी उभी राहून बघायची. मामा धोतराच्या सोग्यानं पुसायचा, म्हणाली.

मामाचा चावीचा फोनो अजून चालतो, पण त्यावर या तबकड्या वाजवायच्या नाहीत असं मी पहिल्या दिवशीच ठरवलं. त्याचा साउंडबॉक्स, म्हणजे पिन धरणारा डबा, शंभर ग्रॅमच्या पुढं भरतो आणि पोलादी पिन दर खेपेला खाच खरवडत जाते. आजच्या टर्नटेबलची सुई दोन-चार ग्रॅम वजनानं टेकते. मात्र बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच टर्नटेबलांना मिनिटाला ३३ आणि ४५ फेऱ्या हे दोनच वेग असतात. लाखेच्या तबकडीला लागणारा ७८ चा वेग असलेलं जुनं यंत्र मला चोरबाजारात मिळालं. सुई वेगळी मागवावी लागली. एलपीची, म्हणजे नंतरच्या ३३ च्या रेकॉर्डीची, सुई इंचाच्या हजारांश भागाहूनही बारीक, तर लाखेच्या तबकडीची खाच रुंद, तिला साधारण तीन हजारांश इंचाची सुई लागते. एलपीची सुई घातली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन फक्त खरखर उचलते. बरेच लोक तिथंच ‘रेकॉर्ड खराब आहे’ म्हणून सोडून देतात. ती खराब नसते.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो वेगानं. ७८ म्हणजे दर वेळी ७८ च असं नाही. जुन्या काळी मुद्रण करताना वेग थोडा कमी-जास्त असायचा. पाच फेऱ्यांचा फरक पडला तरी आवाज जवळजवळ अर्ध्या स्वरानं चढतो आणि बाईचा गळा पोरीचा वाटायला लागतो. मिरजेत एक पेटीवाले, म्हणजे हार्मोनियमवाले, आहेत, आयुष्यभर भजनी मंडळांना साथ केलेले. एक नाट्यपद मी त्यांना ऐकवलं. त्यांनी पेटी ओढली, भाता धरला आणि दोन पट्ट्या दाबून म्हणाले, “हे काळी दोन आणि पांढरी तीनच्या मधे लोंबकळतंय. असं कुणी गात नाही. साथीची पेटी कुठल्या तरी पट्टीवर बसलीच असणार.” वेग थोडा कमी केला आणि पद काळी दोनवर येऊन बसलं. तेव्हाच्या पेट्या आजच्या पेट्यांशी तंतोतंत जुळतीलच असं नाही, म्हणून मी फाइलच्या माहितीत मूळ वेगही लिहितो आणि बदललेलाही. पुढं कुणाला जास्त कळलं तर त्याला माझ्या कानावर अवलंबून राहायला नको.

याच कारणानं खरखर काढून टाकायच्या मोहात मी पडलो नाही. संगणकाला सांगितलं की तो खरखर काढतो, खरं आहे. पण त्याच्याबरोबर झांजेची किणकिण जाते, तुणतुण्याची तार जाते, आणि पोवाड्यात मागून येणारी झीलकऱ्यांची जी ऽ जी ऽ विहिरीतून आल्यासारखी वाटते. शाहिराच्या मागं तुणतुणं नाही तर काय राहिलं? मी प्रत्येक बाजूची एक प्रत जशी वाजली तशी, काहीही न काढता, मोठ्या फाइलमध्ये ठेवतो. दुसरी, हलकी प्रत फोनवर ऐकण्यासाठी. त्यात तडा गेलेल्या तबकडीचे टकटक आवाज तेवढे हातानं काढतो. एका फेरीला एक टक, म्हणजे तीन मिनिटांच्या बाजूला दोनशेच्या वर टक. कंटाळवाणं काम आहे, पण त्यात एक गाणं इतक्या जवळून ऐकलं जातं की ढोलकीवाल्याचा हात ओळखू यायला लागतो.

आणि इथंच मला नावांचा प्रश्न टोचू लागला.

अगदी सुरुवातीच्या तबकड्यांवर गाणं संपता संपता कलावंत स्वतःचं नाव पुकारायचा. गौहर जान इंग्रजीत आपलं नाव सांगते, ते अनेकांनी ऐकलेलं असेल. ती हौस नव्हती. मुद्रण इथं व्हायचं आणि तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या. तिथल्या कारागिरांना कुठला आवाज कुणाचा हे कळावं म्हणून ती सोय. पुढं लेबलावर नाव छापलं जाऊ लागलं, पण तेही गाणाऱ्याचं, फार तर कवी आणि संगीतकाराचं. १९४९ च्या ‘महल’मधल्या त्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर तर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ हे पडद्यावरच्या पात्राचं नाव छापलं होतं. लता मंगेशकरांच्या बाबतीत हे घडू शकतं, तर ढोलकीवाल्याला कोण विचारतो? मामाच्या पेटीतल्या लावण्यांच्या रेकॉर्डींवर ढोलकी कुणी वाजवली, हे एकाही लेबलावर नाही. लावणीचा अर्धा जीव ढोलकीत असतो, हे फडात एकदा बसलेल्या कुणालाही विचारा.

छापलेलं नावसुद्धा कधी चकवतं. पेटीत एका जुन्या हिंदी तबकडीवर ‘सुलोचना कदम’ असं आहे, आणि लावण्यांच्या रेकॉर्डींवर ‘सुलोचना चव्हाण’. दोन्ही एकच. लग्नाआधी त्या हिंदी चित्रपटांत गायच्या, मग चव्हाण झाल्या आणि आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. त्या गेल्या त्या आठवड्यात गावातल्या मंडळींनी माझ्याकडं गाणी मागितली. मी दोन्ही नावांची गाणी एकत्र पाठवली. कितीतरी जणांना ती तरुणपणाची हिंदी गाणारी बाई आणि डोक्यावरून पदर घेऊन ठसक्यात लावणी म्हणणाऱ्या सुलोचनाबाई एकच, हे पहिल्यांदा कळलं. श्रद्धांजलीचे दोनशे निरोप फिरतात, त्यापेक्षा हे मला जास्त खरं वाटलं.

वाटायचं म्हटलं तर कायदाही बघावा लागतो, आणि तो बघितलाच पाहिजे. आपल्याकडं ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते ज्या वर्षी प्रकाशित झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. पण शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा, तो कवी-संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षांचा. म्हणजे १९५५ ची तबकडी मोकळी झाली तरी तिचा कवी १९८० पर्यंत जगला असेल तर शब्द मोकळे झालेले नाहीत. मी यादी करून एकेक नाव तपासलं. ज्यांच्याबद्दल खात्री झाली तेवढीच खुली केली. बाकीच्यांची लेबलं, क्रमांक, वेग आणि तबकडीची अवस्था एवढं सगळ्यांना कळवलं, आवाज नाही. याला काही मित्र हसले. मला मात्र वाटतं, ज्या कवीचं घर त्या मानधनावर चाललं नाही, त्याच्या पोरांचा हक्क तरी आपण तुडवू नये.

मामाच्या पेटीतली खरी दुर्मीळ चीज तबकड्यांत नव्हती, कॅसेटींत होती. जत्रेत तमाशाला माईक मामाचा, अँप्लिफायर मामाचा, म्हणून त्यानं आपल्या हौसेनं मशीनला टेपरेकॉर्डर जोडून ठेवलेला. आमच्या बाजूला तमाशा म्हटलं की कवलापूरच्या काळू-बाळूंचं, म्हणजे खाडे बंधूंचं नाव येतं. विठाबाई नारायणगावकर २००२ मध्ये गेल्या, पण त्यांच्या नावानं शासनाचा पुरस्कार आहे, त्यांच्यावर लिहिलं गेलंय. पण मामाच्या कॅसेटींत जे फड आहेत ते लहान. पाच-पंचवीस गावांत फिरणारे, कंपनीच्या स्टुडिओची पायरी न चढलेले. त्यातल्या एका सोंगाड्याचा आवाज या कॅसेटीखेरीज जगात कुठंही नाही, याची मला जवळजवळ खात्री आहे.

वर्षानुवर्षं न हललेली कॅसेट थेट वाजवायची नसते. आधी एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं गुंडाळून फीत मोकळी करायची. या कॅसेटीच्या आतला, फितीला हेडवर दाबून धरणारा लोकरीचा बारका चौकोन गळून पडला होता. फीत काढून मी दुसऱ्या, स्क्रूच्या कवचात बसवली. लावली तर आवाज दबलेला, कांबळ्याखालून आल्यासारखा. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. तो केसभर फिरवून हेडचा कोन फितीशी जुळवावा लागतो. जुळला त्या क्षणी झांज उघडली. पाठोपाठ हलगी, मग माणसांचा कालवा, कुठंतरी रडणारं पोर, आणि त्यातून सोंगाड्याची पहिली आरोळी. गण झाला, गवळणीत मावशीनं पेंद्याला धरून जो दंगा घातला त्यावर सारी जत्रा हसली. बतावणी, म्हणजे सोंगाड्याची विनोदी बोलाचाली, सुरू झाली. मग वग, म्हणजे शेवटचं नाट्य, रंगात आला आणि नायिकेनं टाहो फोडला तिथं पंचेचाळीस मिनिटं संपून बाजू तुटली. मामा तेव्हा कर्णा सरळ करायला गेला असावा, दुसरी बाजू बऱ्याच पुढून सुरू होते.

हे कुणाला पाठवायच्या आधी त्यांच्या घरी जायला हवं होतं. चोपडीत त्या रात्रीची नोंद होती, फडाचं गाव होतं. सोंगाड्या जाऊन बरीच वर्षं झालेली. घरी त्यांची सून आणि पुण्यात कंपनीत कामाला असलेला नातू. नातवाच्या बोलण्यात आधी एक अवघडलेपण होतं. आजोबा तमाशात होते हे कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं, असं तो म्हणाला. मी काही बोललो नाही, छोटा स्पीकर ठेवला आणि गवळण लावली. सून आतून पदराला हात पुसत बाहेर आली आणि उभ्याउभ्याच ऐकत राहिली. “आसंच खोकायचे मधी,” ती म्हणाली. “बोलायच्या आदी.” नातवानं तो खोकला तीनदा मागं नेऊन ऐकला.

बतावणीवर मात्र गाडी अडली. तिथं सोंगाड्यानं गावातल्या एका सावकाराची नाव घेऊन सालटी काढली आहेत. लोक हसून लोळतायत, पण त्या सावकाराची माणसं अजून त्याच गावात आहेत, शेजारीच. सून म्हणाली, “ते नगा बाहेर काढू, पाव्हणं. आमाला इथंच ऱ्हायाचंय.” माझ्या दृष्टीनं ती बतावणी त्या कॅसेटीतला सर्वांत धारदार भाग आहे. माईकसमोर उभं राहून गावच्या सावकाराला असं बोलायला छाती लागते, आणि तमाशानं ते पिढ्यान् पिढ्या केलं. तरीही शब्द त्यांच्या घरच्यांचा. पूर्ण प्रत त्यांच्याकडं एक आणि माझ्याकडं एक. बाहेर जाईल त्यात गण, गवळण आणि वगाचा मिळाला तेवढा भाग. सोंगाड्याचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण त्यांच्या पुण्यतिथीला ते नाव आधी त्यांच्या गावात, कर्ण्यावरून पुकारलं जावं अशी नातवाची इच्छा आहे. हा बदल त्याच्यात एका दुपारीत झाला.

मामाची एक हळहळ मला लहानपणापासून पाठ आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या एका सभेत त्यानं शाहीर अमर शेखांना समोर बसून ऐकलं होतं. १९६९ मध्ये जुलैत अण्णा भाऊ साठे गेले आणि दीड महिन्यात अमर शेख अपघातात. त्या वर्षाबद्दल बोलताना मामा म्हणायचा, “तवा माज्याकडं टेप आसती तर.” टेप हातात आल्यावर त्यानं दिसेल ती जत्रा भरून ठेवली, ती या चुटपुटीतूनच, असं मामी सांगते.

कॅसेटीत साथीला कोण होतं, हे सुनेला सांगता येईना. तिनं पत्ता दिला तो त्याच फडातल्या ढोलकीवाल्या नानांचा. नाना ऐंशीच्या पुढं, डोळ्यांना कमी दिसतं, कान शाबूत. खाटेवर बसून त्यांनी सगळी कॅसेट ऐकली, मांडीवर बोटं चालूच. झीलकऱ्यांतले दोघं त्यांनी नावागावासकट सांगितले, नायिकेचं नाव सांगितलं, नाच्या कोण ते सांगितलं. एका ठिकाणी थांबवायला लावलं. मी हलगीपुढं त्यांच्या धाकट्या भावाचं नाव लिहिलं होतं, सुनेच्या सांगण्यावरून. “न्हाई,” नाना म्हणाले, “त्या रातीला त्यो तापानं फणफणला व्हता. ही हलगी मिरजंच्या पोराची. उलटा हात हाय बगा त्येचा, डावखुरा.” त्यांनी नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली. मी तिथंच खाटेच्या कडेला बसून फाइलमधलं नाव बदललं, आणि मग नानांनी दुसरी बाजू लावायला सांगितली.